पाणजूला गाडी थांबली पाहिजे

आपल्या वसईकर ख्रिस्ती समाजात रेल्वेविषयी बोलणे निघाले की दोनच सूर ऐकू येतात. पहिला सूर कृतज्ञतेचा. आपल्या वाडवडिलांनी पानांचे करंडे, केळीचे घड, भाजीपाल्याच्या आणि मोगऱ्याच्या टोपल्या याच गाडीने मुंबईच्या बाजारात पोहोचविल्या. त्या पैशांतून घरे उभी राहिली, मुले शिकली, कोणी कारकून झाला, कोणी शिक्षिका झाली, कोणी आमच्यासारखा सेमिनरीत गेला. दुसरा सूर तक्रारीचा. रेल्वे आली, तिच्या पाठोपाठ बिल्डर आला, वाड्या गेल्या, विहिरींचे पाणी मचूळ झाले. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्हींचा कर्ता एकच आहे : आम्ही. आम्हांला काय मिळाले आणि आमचे काय गेले, याचाच तो हिशेब. हाच लोहमार्ग ज्यांच्या अंगणातून गेला आणि ज्यांना त्याने काहीच दिले नाही, अशा एका गावाचा उल्लेख या हिशेबात मला आजवर आढळलेला नाही. त्या गावाविषयी आज लिहायचे आहे, आणि सौम्यपणे लिहिण्याचा माझा इरादा नाही.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीची स्थापना १८५५ सालची. तिचा मार्ग गुजरातेतून दक्षिणेकडे सरकत १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत आला. (आपल्या वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांना पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले ते १८६२ मध्ये. म्हणजे वसईला तिचा संत आणि तिची आगगाडी अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने लाभली. पहिल्या घटनेचा सण आपण दरवर्षी साजरा करतो, दुसरीचा लाभ दररोज घेतो.) पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. सकाळी एक फेरी जाण्याची आणि संध्याकाळी एक परतीची. आज विरार लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाला हे ऐकून हसू येईल.

त्या गाडीच्या थांब्यांची नावे इतिहासात नोंदलेली आहेत. इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी त्याने ती लिहिली : विरार, नीला, बसीन, पांजे, बोरेवला, पहाडी, अंदारू, सांताक्रूझ, बांदोरा, माहीम, दादर, ग्रँट रोड. नीला म्हणजे निळेमोरे, आजचे नालासोपारे. बसीन म्हणजे आपली वसई. बोरेवला ही बोरिवली, अंदारू ही अंधेरी, बांदोरा हे वांद्रे. पहाडी म्हणजे आजचे गोरेगाव. तेथील सेंट पायस सेमिनरीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्या धर्मगुरूंना या नावाचे विशेष अप्रूप वाटावे.

आणि पांजे? पांजे म्हणजे पाणजू. वसईच्या खाडीतले बेट.

ही यादी पुन्हा एकदा नीट वाचावी. तीत नायगाव नाही. भाईंदर नाही, दहिसर नाही, कांदिवली नाही, मालाड नाही. आज ज्या स्थानकांवर पाय ठेवायला जागा नसते, ती त्या दिवशी गाडीच्या खिजगणतीतही नव्हती. गाडी थांबत होती ती पाणजूला. बाकी साऱ्या नावांनी आपापला उत्कर्ष पाहिला. काहींचे उच्चार बदलले, काहींची नावे बदलली, पण गाडी तेथे थांबतच राहिली. पुसले गेले ते एकच नाव. वसईच्या दक्षिणेला नायगाव आले, खाडीपलीकडे भाईंदर आले, आणि मधले पांजे वेळापत्रकातून निघून गेले.

नायगाव सोडून चर्चगेटच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला प्रथम एक पूल लागतो, मग थोडा वेळ दोहों बाजूंस जमीन दिसते, आणि त्यानंतर दुसरा, अधिक लांब पूल ओलांडून गाडी भाईंदरला पोहोचते. ती मधली जमीन म्हणजे पाणजू. उल्हास नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी पाण्याने वेढलेले हे गाव मासेमारीवर आणि मिठागरांवर जगत आले आहे. कंपनीचे अभियंते कर्नल केनेडी यांनी या मार्गावरील खाड्यांवर जे पूल बांधले, ते त्या काळी नावाजले गेले. चिखलाच्या तळात मळसूत्रासारखे फिरवून रुतविलेले लोखंडी खांब आणि त्यांवर साठ साठ फुटांचे लोखंडी गाळे अशी त्यांची रचना होती. सांगाडा विलायतेत घडविलेला असला, तरी तो ज्या भूमीवर टेकला ती भूमी पाणजूकरांची होती.

आज पाणजूच्या माणसाला नायगावला यायचे झाले तर होडी हा त्याचा राजमार्ग आहे. भरती-ओहोटी, पावसाळ्यातील वारा, होडीवाल्याची वेळ या सर्वांशी जमवून घेत शाळकरी मुले, नोकरदार बाया, दुखणाईत माणसे खाडी ओलांडतात. होडी नसली, रात्र झाली, किंवा घरात कोणाची प्रकृती एकाएकी बिघडली की उरतो तो रेल्वेचा पूल. रुळांच्या कडेने, खाली खाडी आणि शेजारून धडधडत जाणारी गाडी, अशा वाटेने माणसे चालतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ अशा चालण्याला गुन्हा ठरविते. त्याला सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे. ज्या भूमीवर १८६७ साली कंपनीने तिकीटधारक उतारू म्हणून ज्यांचे स्वागत केले, त्यांचीच पणतवंडे आज त्याच ठिकाणी कायद्याच्या नजरेत घुसखोर ठरतात.

एवढ्यावरही भागत नाही. गाडी खाडीवर आली की डब्यात हात जोडले जातात आणि खिडकी-दारांतून निर्माल्याच्या पिशव्या भिरकावल्या जातात. त्यांत नारळ असतात. वेगात धावणाऱ्या गाडीतून सुटलेला नारळ हा दगडाहून वेगळा नसतो. पुलावरून चालणारे पाणजूकर असे नारळ लागून जायबंदी झाले आहेत, आणि २०२५ मध्ये तर एका तरुणाला यात प्राण गमवावा लागला. निर्माल्याचा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणून आपल्यापैकी कोणी हात झटकू नयेत. त्याच खिडकीतून जेवणाच्या उरलेल्या पिशव्या, बाटल्या आणि खरकटेही जाते, आणि फेकणाऱ्याच्या गळ्यात काय आहे हे पाण्यात पडणारी पिशवी सांगत नाही.

आता हा विषय काढला की जी उत्तरे मिळतात त्यांचा समाचार घेतो.

पहिले उत्तर शहाण्यासुरत्या, हिशेबी माणसांचे. ते म्हणतात, 'फादर, मूठभर घरांसाठी स्थानक परवडत नाही. रेल्वे म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हे.' हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते की ऐकणाऱ्याला ते अर्थशास्त्राचे सूत्रच वाटावे. म्हणून थोडे त्या अर्थशास्त्रातच शिरू.

ज्या कंपनीने हा मार्ग बांधला, ती स्वतःच्या हिमतीवर कधीच उभी नव्हती. त्या काळातील इतर रेल्वे कंपन्यांप्रमाणे तिच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडीला नफा होवो वा तोटा, विलायतेत बसलेल्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळायचेच. तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून काढली जायची. ही तिजोरी भरत कोण होते? शेतसारा हा तिचा मुख्य आधार. पण मिठावरील कर हाही तिचा एक भक्कम खांब होता. मिठाचा कर असा की त्यातून भिकारीही सुटत नसे. म्हणजे ज्यांनी खाडीकाठच्या मिठागरांत उन्हातान्हात पाय भाजून घेतले, त्यांच्याच ताटातील चिमूटभर मिठावर बसविलेल्या कराचा अंश लंडनच्या भागधारकाच्या व्याजात जमा होत होता. तेव्हा परवडण्याचा प्रश्न कोणी काढला नाही.

बरे, ही झाली जुनी गोष्ट. आजचे काय? मुंबईची उपनगरी सेवा तिकिटांच्या उत्पन्नावर चालत नाही, ती तोट्यात चालते आणि तो तोटा मालवाहतुकीच्या व इतर उत्पन्नातून भागविला जातो, हे रेल्वेने लपविलेले नाही. विरारचा, नालासोपाऱ्याचा, वसईचा मासिक पासधारक आपल्या प्रवासाचा पूर्ण खर्च देत नाही. देऊही नये; तो कष्टकरी आहे, आणि त्याला स्वस्त प्रवास मिळणे न्याय्यच आहे. पण ज्याच्या स्वतःच्या पासाला सार्वजनिक तिजोरीचा टेकू आहे, त्याने खिडकीतून बेटाकडे बोट दाखवून 'तुमचे स्थानक परवडत नाही' असे म्हणावे, याला मी हिशेब म्हणणार नाही. याला दुसरे नाव आहे, ते वाचकांनीच योजावे.

दुसरे उत्तर अधिक गोड शब्दांत येते. 'पाणजूच्या लोकांनी नायगावला राहायला का येऊ नये? आता तेथे एवढ्या इमारती झाल्या आहेत.' हा सल्ला देणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की १९९० च्या सुमारास जेव्हा सरकारने वसईची हिरवी भूमी बांधकामांना मोकळी करून दिली, तेव्हा हरित वसईच्या मोर्च्यांत आपण कशासाठी चाललो होतो? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागे जो समाज उभा राहिला, त्याचे म्हणणे एवढेच होते की माणसाचे आपल्या भूमीशी असलेले नाते पैशांत मोजून त्याला तेथून उठविता येत नाही. तो न्याय आपल्या वाड्यांना लागू आणि खाडीतल्या गावाला नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

तिसरे उत्तर उघडपणे दिले जात नाही. ते मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर, हलक्या आवाजात दिले जाते. 'ते काही आपले लोक नव्हेत, फादर.' म्हणजे ते आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत नाहीत; आगरी-कोळी आहेत, त्यांची देवळे वेगळी, त्यांचे पुढारी वेगळे. त्यांचे त्यांनी पाहावे.

या उत्तराने मला सर्वांत अधिक वेदना होतात, आणि म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. आपल्याच इतिहासातील एक पान उलटू. १८८७ साली मुंबई-साष्टीच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण करून आपली संघटना उभारली. गोवा-मंगळूरहून आलेल्या धर्मबांधवांहून आपली ओळख वेगळी राहावी आणि सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांत आपला हक्क डावलला जाऊ नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. त्यांचा युक्तिवाद काय होता? आम्ही या भूमीचे आहोत. येथे जे उभे राहते आहे त्यात आमचा वाटा आहे. हा युक्तिवाद मला चुकीचा वाटत नाही. पण तो जितका वांद्र्याच्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभतो, तितकाच पाणजूच्या कोळ्याच्या तोंडी शोभतो, किंबहुना काकणभर अधिकच. त्याची भूमी तर प्रत्यक्ष रुळांखाली आहे.

आणि प्रभूने 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाचे उत्तर देताना नोंदवही मागितली नव्हती. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील तो दाखला आपण इतक्यांदा ऐकला आहे की त्याची धार बोथट झाली आहे. यरीहोच्या वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाजवळून जे दोघे निघून गेले, त्यांतला पहिला याजक होता. आम्हा धर्मगुरूंना तो दाखला वाचताना मान खाली घालावी लागते ती त्यामुळे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मधील 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचा संपूर्ण दुसरा अध्याय याच दाखल्याला वाहिला आहे. तेथून निघून जाणारे दुष्ट होते असे शुभवर्तमान म्हणत नाही. ते घाईत असावेत. ८.१२ ची फास्ट पकडणाऱ्या माणसाची घाई याहून फार वेगळी नसते. फरक असलाच तर हा की यरीहोच्या वाटसरूंनी त्या जखमी माणसाच्या अंगावर काही फेकले नव्हते.

आता चौथे उत्तर, आणि हे मी गांभीर्याने घेतो, कारण ते जाणकारांचे आहे. उपनगरी मार्गावर दर काही मिनिटांनी गाडी सुटते; प्रत्येक नवा थांबा मागच्या सर्व गाड्यांना खोळंबवितो. दोन पुलांच्या मध्ये फलाट बांधणे सोपे नाही. हे खरे आहे. परंतु अशक्य नाही. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या मध्ये, याच गजबजलेल्या मार्गावर, २०१६ मध्ये राममंदिर हे नवे स्थानक उघडले, तेव्हा पश्चिम रेल्वे ठप्प झाली नाही. विरारच्या उत्तरेस वैतरणा नदीत पाणजूसारखेच वाढीव हे गाव आहे. तेथील माणसेही वर्षानुवर्षे रेल्वेपुलावरून जीव मुठीत धरून चालत आली. विरार-डहाणू चौपदरीकरणात प्रस्तावित स्थानकांच्या यादीत त्या गावाचे नाव आले आहे. जे वैतरणेच्या पात्रात विचारात घेता येते, ते उल्हासच्या मुखाशी का घेता येऊ नये?

शिवाय प्रत्येक गाडी थांबावी असे म्हणतो आहे कोण? सकाळच्या दोन-तीन आणि संध्याकाळच्या दोन-तीन धीम्या गाड्या थांबल्या तरी शाळकरी मुलांचा आणि नोकरदारांचा प्रश्न सुटतो. देशभर छोट्या गावांत 'हॉल्ट' असतात; तेथे स्टेशनमास्तर नसतो, गावचाच कोणी कमिशनवर तिकिटे विकतो. त्यासाठी संगमरवरी इमारत लागत नाही. आणि अगदी थांबा नाहीच जमला, तरी पुलाला कठडा असलेली पाऊलवाट जोडायला कोणते शास्त्र आड येते? ब्रह्मपुत्रेवरील सराईघाटचा पूल १९६२ पासून रेल्वे आणि रस्ता दोन्ही अंगावर वागवितो आहे. ब्रह्मपुत्रेपुढे आपली खाडी ती केवढी!

हे सारे आजच लिहिण्याचे कारण आहे. बोरिवली ते विरार पाचव्या आणि सहाव्या मार्गिकेला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. या मार्गिका खाडी ओलांडणार म्हणजे तेथे नवे पूल बांधावे लागणार. आजवर पूल झालेले आहेत, आता त्यांत बदल करता येत नाही, हे उत्तर मिळत होते. बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ मध्ये पुरे झाले, त्या वेळीही पाणजूकडे कोणी पाहिले नाही, आणि आपणही त्या वेळी आपल्या गाड्या वाढणार म्हणून आनंदात होतो. नवा पूल बांधताना त्याच्या अंगाला पाऊलवाट जोडण्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ ठरतो. पूल उभा राहिल्यावर तीच गोष्ट डोंगराएवढी होते. खाडीवरील रस्त्याच्या पुलाची चर्चा चालू आहे ती चालू राहू द्या. वसई-भाईंदर रो-रो बोट २०२४ मध्ये सुरू झाली, तीही पाणजूला डावलून वसईच्या किल्ल्याहून थेट भाईंदरला गेली. मोठ्या योजनांना हे गाव नेहमी वाटेत लागते आणि कधीच त्यांच्या मुक्कामाचे नसते.

खाडीतील बेसुमार रेतीउपशाने पुलांचे पाय उघडे पडू लागले तेव्हा रेल्वेने चिंता व्यक्त केली, ते योग्यच झाले. त्याच उपशाने बेटाचे काठही ढासळतात. पुलाच्या पायाची काळजी वाहणाऱ्या यंत्रणेला त्या पुलावरून चालणाऱ्या पायांची काळजी वाहायला सांगणे हे आपले काम आहे.

वसई परिसरातील धर्मग्रामांच्या पॅरिश कौन्सिलांपुढे माझी मागणी अशी आहे. पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाला द्यायचे निवेदन पाणजूच्या ग्रामपंचायतीने लिहावे, आपण नव्हे. त्यांच्या गावाची गरज त्यांना आपल्याहून अधिक कळते. आपण त्याला सह्या जोडाव्यात, आणि त्या हजारांनी जोडाव्यात, कारण मतदार म्हणून आपली संख्या मोठी आहे आणि त्यांची लहान. निवेदनात नव्या पुलावर कठड्याची पाऊलवाट पहिली असावी, ठरावीक धीम्या गाड्यांचा हॉल्ट दुसरा, आणि हे होईपर्यंत रात्री-अपरात्री आजारी माणसाला नायगावला आणण्यासाठी रेल्वेने काही रीतसर व्यवस्था करावी ही तिसरी. डब्यांतून काही फेकले जाऊ नये यासाठी नायगाव आणि भाईंदरच्या फलाटांवर गर्दीच्या वेळी आपल्या युवक संघटनांनी उभे राहावे. निर्माल्य जमा करण्याची पेटी तेथे ठेवायला आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या मंडळांची साथ मिळेल, अशी माझी खात्री आहे. सह्यांचे कागद मिस्सानंतर चर्चच्या दाराशी ठेवावेत, म्हणजे पायरीवर हलक्या आवाजात बोलणाऱ्यांनाही ते समोर दिसतील. पाचव्या-सहाव्या मार्गिकेचे पूल उभे राहण्यापूर्वी ते निवेदन चर्चगेटला पोहोचले पाहिजे. ते घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळात पाणजूचे लोक पुढे असावेत, आणि त्या दिवशी त्यांना नायगावपर्यंत आणायला आपल्यातल्या काहींनी सकाळच्या होडीने बेटावर जावे.